कोमट पाण्याबाबत आत्यांना दुरुस्ती

जेचॉन, शनिवार, १८ जानेवारी

ती. सुन-ऑक आत्यांना,

हे-रिमचा वाकून नमस्कार. पत्रातून वाकता येत नाही हे मला कळतं, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कांगनुंगच्या दिशेला तोंड करून खरोखर वाकले (त्या दिशेला आमचा फ्रिज येतो, त्याबद्दल क्षमा असावी). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? कानातलं नवं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं का? थांबलं नसेल तर फोनचा आग्रह धरणार नाही, पत्रच बरं. गेल्या वेळी फोनवर मी "बाबा बरे आहेत" म्हटलं ते तुम्हाला "बाबा घरी नाहीत" असं ऐकू आलं आणि तुम्ही पोलिसांना कळवलंत, ते मी अजून विसरलेले नाही. एक विनंती आधीच करते. तुम्हाला पत्र शेवटून वाचायची सवय आहे. या वेळी कृपा करून पहिल्या पानापासून वाचा.

आता दुरुस्ती. माझ्या २ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमचा बॉयलर बिघडला आहे आणि बाबांना तेहतीस दिवस गरम पाण्याची अंघोळ मिळालेली नाही. हे चूक आहे. दिवस मी पुन्हा मोजले, ते बरोबर आहेत. माणूस चुकला. गरम अंघोळ मिळाली नाही ती मला, बाबांना मिळाली आहे. बॉयलरही बिघडलेला नाही. त्याच पत्रात मी "बाबा रोज दुपारी ओढ्याकाठी चालायला जातात" असंही लिहिलं होतं. तेही चूक. खोटं लिहिण्याचा हेतू नव्हता, मला तसं वाटत होतं, पण वाटणं आणि असणं यांत फरक करायला तुम्हीच शिकवलंत. मी लहानपणी सारखी आजारी असायचे म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा घरातच झाली आणि मास्तरीण तुम्ही होतात. चूक ज्या वहीत केली त्याच वहीत, तारीख घालून, सुधारायची, खोडायची नाही, हा तुमचा नियम. म्हणून हे पत्र त्याच कागदावर लिहिते आहे, त्याच पेनाने. (पेन संपत आलं आहे. शेवटी अक्षर फिकट झालं तर ते भीतीने झालं असं समजू नये.)

या चुकीचा परिणाम लहान असता तर मी पोस्टकार्डावर भागवलं असतं. पण माझं पत्र वाचून तुम्ही उत्तर पाठवलंत, ते ८ तारखेला मिळालं, आणि त्यात लिहिलंत की धाकट्या भावाला, दुक-सूला, अशा गारठ्यात ठेवणं शोभत नाही, चांद्र नववर्षाला येते आहे, सणाचं जेवण झालं की त्याला कायमचा कांगनुंगला घेऊन जाईन, चौदाव्या मजल्यावरच्या खोलीला नवा कागद लावून झाला आहे, नवा बॉयलर आहे, कडकडीत पाणी आहे, आणि हे-रिमने दुकानाजवळ एखादी खोली बघावी. हे सगळं तुम्ही मायेने लिहिलंत. मी ते उभ्यानेच वाचलं. मग बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "असेल." (पत्राच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहीन.)

आई गेल्यापासून बाबा हा एकच शब्द बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे. येत्या वसंतात दोन वर्षं होतील. भाजी खारट झाली का, असेल. बाहेर बर्फ पडतंय, असेल. सत्तावीस वर्षं मोठमोठ्या इमारतींच्या तळघरातले बॉयलर सांभाळलेला माणूस, पूर्वी जेवताना वाफेच्या दाबावर इतकं बोलायचा की आई त्यांच्या तोंडात मुळ्याची फोड घालायची. तोच माणूस खोलीतल्या जमिनीच्या सगळ्यात ऊबदार जागी भिंतीला टेकून बसतो आणि असेल म्हणतो. मी त्यांना जेवायला घालते, त्यांची औषधं मोजते, आणि दुकानात दिवसभर औषधी मुळ्या आणि साली तोलताना माझा काटा जरा थरथरतो. ही माझी तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. मालकही म्हणाले, "हे-रिम, काटा स्थिर ठेव, गिऱ्हाईकाला वाटतं आपण घाबरून वजन करतो."

तर सुरुवातीपासून. ३० नोव्हेंबरला तुम्ही किमची घालायला आलात. चाळीस गड्डे कोबी होता (एकेचाळीस, पण एक आतून काळा निघाला). मागच्या काचबंद बाल्कनीतल्या नळाखाली ते धुताना तुमची बोटं बधिर झाली, तेव्हा तुम्ही पिशवीतून तो फवारा काढलात, बंदुकीसारखा, घोडा दाबला की पाणी, सोडला की बंद. बाजारात दोन घेतले तर भाव पडतो म्हणून दोन घेतले होतेत, एक आम्हाला, एक स्वतःला. तुम्ही तो स्वतः पान्याने नळाला बसवलात, नळाची दांडी गरम आणि गार यांच्या बरोबर मधे उभी केलीत, पाणी हाताला सोसवेल असं झालं, आणि सगळ्या कोबीने एका दुपारात अंघोळ उरकली. तसं काम या घरात आई गेल्यापासून झालं नव्हतं, हे मी मनापासून सांगते. जाताना तुम्ही नळाला बाबांचा जुना बनियन गुंडाळलात, वर चिकटपट्टी मारलीत आणि मला म्हणालात, "आता याला कुणी हात लावायचा नाही. दांडी अगदी बरोबर बसली आहे. पाणी बंद करायचं ते फवाऱ्याने." मी मान डोलावली. तुम्ही हात लावायचा नाही म्हटल्यावर मी त्या नळाकडे बघणंही बंद केलं. माझ्या लेखी तो नळ राहिलाच नाही, तुमची ठेव झाली.

दुसऱ्या दिवशी पाणी कोमट झालं.

मी पहिल्यांदा तो दोष स्वतःकडे घेतला, कारण आदल्या दिवशी मी दमून अंघोळ टाळली होती. मग भिंतीवरच्या बटणांच्या पाटीवर पाण्याची उष्णता वाढवली. ती पाण्याची नव्हती, जमिनीची होती. आमच्याकडे एकच बॉयलर जमीनही तापवतो आणि नळाचं पाणीही, आणि दोन्ही बटणं शेजारी आहेत. संध्याकाळी घरी आले तर जमीन तव्यासारखी तापलेली, फुलदाणीतलं पाणी आटलेलं, आणि बाबा भिंतीला टेकून न बसता खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले. मी विचारलं, "बाबा, फार तापलंय का?" म्हणाले, "असेल." खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की घरात कुणी बाळंतीण आहे का.

वरच्या मजल्यावर घरमालकीण बांग बाई राहतात. त्यांचं म्हणणं पडलं की नळ बारीक सोडावा, म्हणजे पाणी बॉयलरमध्ये सावकाश जातं आणि नीट तापतं. मी बारीक सोडला. इतका बारीक की बॉयलरला कुणी पाणी मागतंय हेच कळेना, तो पेटलाच नाही, आणि कोमट होतं तेही गार झालं. मग त्या म्हणाल्या, पूर्ण सोड. पूर्ण सोडल्यावर बादली लवकर भरली, एवढाच फायदा. मग त्या म्हणाल्या, तुझ्या अंगातच उष्णता कमी आहे, जिन्सेंग घे. मी जिन्सेंगच्याच दुकानात काम करते हे त्या दरवेळी विसरतात. मी दुकानातून काढा उकळायचा तापमापक मालकांना विचारून आणला (घरी नेल्याची नोंद केली आहे) आणि रोज सकाळी सातला पाणी मोजायला लागले. छत्तीस. सदतीस. छत्तीस. एकदा एकोणचाळीस आलं तेव्हा मला आशा वाटली, पण तो मलाच ताप होता, तापमापक काखेत राहिला होता.

या काळात मी बाबांना तीनदा विचारलं. सत्तावीस वर्षं बॉयलरपाशी काढलेल्या माणसाला न विचारता दुसऱ्याला बोलावणं अपमानाचं होईल म्हणून. पहिल्यांदा ते उठले, पाइपावर तळहात ठेवला, कान लावला, बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं आता वाफेच्या दाबावर बोलतील. म्हणाले, "येतंय ना पाणी?" आणि जाऊन बसले. पुढच्या दोन्ही वेळा असेल. मी त्याचा अर्थ असा काढला की त्यांना आता पाइपही ऐकू येत नाहीत, आणि त्या दिवशी दुकानात माझ्याकडून दीड ग्रॅम ज्येष्ठमध जास्त गेलं. २ जानेवारीचं पत्र मी त्या मनःस्थितीत लिहिलं. त्यात उदास शब्द सहा आले होते, मी नंतर मोजले. तुम्ही घाबरलात यात तुमचा काही दोष नाही.

थंडीमुळे सगळ्या गावाचे बॉयलर एकदम कुरकुरत होते, त्यामुळे सोल नावाचे दुरुस्तीवाले ९ तारखेला आले, म्हणजे तुमचं पत्र येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. माणूस भला आहे. जाळी काढून धुतली, आतली ज्योत पाहिली, बॉयलरच्या खाली निघणाऱ्या पाइपावर हात ठेवून चटकन मागे घेतला आणि म्हणाले, "ताई, हा तर बिचारा साठ अंशाने पाणी देतोय. नळापर्यंत जाताना त्याला कुणीतरी गाठतंय." मग त्यांनी बॉयलरला येणाऱ्या गार पाण्याची चावी पूर्ण बंद केली आणि मला स्वयंपाकघरातला गरम नळ उघडायला सांगितला. चावी बंद, म्हणजे गरम नळाला थेंब यायला नको. पण पाणी येतच राहिलं. शांतपणे, भरपूर. आई गेल्यावर तिच्या नावाची पत्रं येत राहिली होती, त्यांची मला आठवण झाली, आणि सोल यांना वाटलं मी पाण्याला घाबरले. ते समजावून सांगू लागले की कुठेतरी गार पाणी गरम पाइपात शिरतंय, एखादा नळ गळ्याशी उघडा आणि तोंडाशी बंद असला की असं होतं, दोन्ही पाणी आत एकमेकांना भेटतात आणि जोर गाराचा जास्त. असा एखादा नळ घरात आहे का? मी नाही म्हटलं. हे मी शपथेवर म्हटलं असतं. स्वयंपाकघर, मोरी, बेसिन, सगळं त्यांनी पाहिलं. मग ते मागच्या बाल्कनीत गेले आणि विचारलं, "हे बनियन घातलेलं कोण आहे?"

आत्या, हे आरोपपत्र नाही. फवारा उत्तम आहे आणि दांडी त्या दिवशीच्या कोबीसाठी अगदी बरोबर बसली होती. त्याला हात लावायचा नाही असं मी म्हणेपर्यंत सोल यांनी बनियन सोडून दांडी खाली पाडली, नळ बंद झाला, त्यांनी बॉयलरची चावी पुन्हा उघडली, आणि स्वयंपाकघरातलं पाणी एकोणपन्नास अंशांवर गेलं. मी तापमापक दोनदा झटकून पाहिला. सोल म्हणाले, "हात लावायचा नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?" मी तुमचं नाव सांगितलं नाही, वडीलधारं माणूस एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या धंद्यात निम्मे बिघाड वडीलधारेच असतात." मी हे कळवलं नसतं तर पत्र अपुरं राहिलं असतं. त्या संध्याकाळी मी बाबांना आनंदाने सांगितलं की पाणी आलं, कडकडीत, आता आत्यांना कळवते, तुम्हाला कुठे जायची गरज नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असेलसुद्धा म्हणाले नाहीत.

दहा तारखेला सकाळी सातला पाणी सदतीस अंश होतं.

बाल्कनीत जाऊन पाहिलं तर दांडी पुन्हा मधे उभी. मला वाटलं झोपेत मीच केलं असेल, कारण तुमची आज्ञा मोडल्याचं मनाला लागलं होतं. दांडी खाली पाडली. अकरा तारखेला पुन्हा वर. बाराला पुन्हा. मी बांग बाईंवर संशय घेतला, त्यांच्याकडे किल्ली असते (त्याबद्दल त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली आहे). सोल यांना फोन करून विचारलं की पाण्याच्या जोराने दांडी आपोआप वर येते का. ते म्हणाले, "ताई, दांडी आहे ती, आंबवलेलं पीठ नाही." तेव्हा १३ तारखेला संध्याकाळी मी दांडी खाली पाडून नळाला शिवणाचा पांढरा दोरा बांधला, साधी गाठ, कुणी हलवलं तर कळावं म्हणून. चौदाला सकाळी दांडी मधे होती आणि दोरा तुटलेला नव्हता. सोडून पुन्हा बांधलेला होता, दुहेरी फासाच्या गाठीने, शेपूट आत खोचून. ती गाठ मी ओळखते. पाइपाला कापड गुंडाळायची गाठ आहे ती, तळघरातली. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला ती दप्तराच्या पट्ट्यावर शिकवली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, मुलीला असलं काय शिकवतोस.

म्हणजे पाइपाला कान लावला त्या पहिल्याच दिवशी त्यांना सगळं समजलं होतं. आणि आता मला समजलं आहे हे त्यांना समजलं आहे, मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत असणार, आणि जेवताना आम्ही दोघं मुळ्याबद्दल बोलतो. म्हणजे मी बोलते.

का, हे मात्र मला कळेना. वडिलांच्या मागे जाऊन पाहणं बरं दिसत नाही. तशी मी गेले नाही. पण गुरुवारी, १६ तारखेला, दुकानाला अर्धा दिवस सुट्टी मिळाली, घरी आले तर बाबा चालायला गेलेले आणि त्यांचा मफलर खुंटीला. बाहेर उणे अकरा. मफलर द्यायला जाणं हे मागे जाणं नव्हे, हे मी दाराशी उभं राहून नीट ठरवलं आणि मग गेले. ओढ्याकाठी कुणी नव्हतं. ओढाच गोठला होता. परत येताना गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक हमामाबाहेर, जोडे ठेवायच्या फळीवर, बाबांचे जोडे दिसले. डाव्याला मीच लावलेली तपकिरी नाडी.

तिकिटं फाडायला बसते ती बाई, गाल लाल, टीव्ही बघत लसूण सोलत होती. मी मफलर पुढे केला आणि मेंग दुक-सू आत आहेत का असं विचारलं. ती म्हणाली, "मेंगमास्तर ना? एक दिवसाआड, ठीक दोन वाजता. तुम्ही त्यांची मुलगी, ती वजनं करणारी? बसा. अहो, त्यांना घरी बोलू देत नाही का कुणी? इथे आले की तोंड बंद म्हणून होत नाही. आमच्या बॉयलरचा दाब कसा चुकलाय ते त्यांनी गरम टाकीत बसून सगळ्या पुरुषांना समजावलं. परवा टॉवेल गुंडाळून खाली तळघरात गेले आणि दुरुस्त करूनच वर आले. आता पाणी इतकं कडक येतं की दोन गिऱ्हाइकं भांडून गेली." मी म्हटलं, आमचे बाबा कमी बोलतात, दुसरे कुणी मेंग असतील. तेवढ्यात आतल्या काचेच्या दाराआडून आवाज आला. आत्या, मी तो आवाज दोन वर्षांनी ऐकला. बाबा कुणाला तरी सांगत होते, "अरे गिल, रेघ सोडून घासतोस तू. खांद्यापासून सरळ खाली ये. माझी बायको एका दमात कंबरेपर्यंत यायची." आणि दुसरा म्हातारा म्हणाला, "मग तिलाच बोलाव. माझा हात मोडला तुझ्या पाठीने. वळ आता, माझी घास." मग दोघं हसले. बाबाही.

मी मफलर त्या बाईकडे ठेवला आणि मी येऊन गेले हे सांगू नका म्हटलं. ती म्हणाली, मग मफलर चालत आला म्हणून सांगू का? म्हणून मफलर परत घेऊन आले.

आई दर शनिवारी बाबांची पाठ घासून द्यायची. हे मी लहानपणापासून मोरीच्या बंद दारातून ऐकत आले आहे. ती सांगायची जरा मळ निघाला, ते सांगायचे सत्तावीस वर्षांची काजळी आहे, निघायची नाही. ती गेल्यावर त्या पाठीचं काय, हा प्रश्न माझ्या मनातच आला नाही. मी औषधं मोजली, मीठ मोजलं, पाण्याचे अंश मोजले. मुलीला ते काम सांगता येत नाही आणि मुलाला सांगावं तर मुलगा नाही. आणि हमामात नुसतं उठून जावं, तर बाबांचाच नियम आड येतो. तुम्हाला तो पाठ असेल: घरात गरम पाणी असताना बाहेर अंघोळीला जाणारा माणूस बॉयलर बनवणाऱ्याचा अपमान करतो. हा नियम त्यांनी आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवला. आता तो मोडायचा कसा? तुम्ही ३० नोव्हेंबरला नकळत वाट करून दिलीत. पाणी कोमट झालं, नियम लागू होईना, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा कोटाखाली टॉवेल घेऊन ओढ्याकाठी चालायला जाऊ लागले. फ्रिजमध्ये मला अधूनमधून केळ्याच्या दुधाची छोटी बाटली सापडायची, वर स्ट्रॉ चिकटवलेली. हमामातून निघताना लोक पितात तीच. मला वाटायचं कुठेतरी एकावर एक फुकट मिळत असेल. सोळा बाटल्या मी काही न विचारता प्यायले.

तुमचं पत्र आल्यावर त्यांनी पिशवी भरली. अजून दाराशी आहे. आत काय आहे ते मी पाहिलं, कारण घड्या नीट घालायच्या होत्या: दोन बनियन, औषधांची डबी, आईचा फोटो, आणि अगदी तळाशी पाठ घासायचा हिरवा खरखरीत हातमोजा. एक दिवसाआड दुपारी ते हातमोजा बाहेर काढतात, संध्याकाळी वाळवतात आणि पुन्हा तळाशी ठेवतात. कांगनुंगला त्यांची पाठ कोण घासणार आहे हे त्यांनाही माहीत नाही, तरी ते तो नेणार आहेत. तुम्ही मोठ्या बहीण, तुम्ही या म्हटलंत तर ते येतील. कुणी विचारलं, जायचंय का, तर असेल म्हणतील, आणि चौदाव्या मजल्यावर कडकडीत पाण्याशेजारी भिंतीला टेकून बसतील. मला झोप लागत नाही ती एवढ्यासाठी.

खालच्या बाईंनी त्यांच्या घरचा तांदळाच्या चकत्यांचा डबा दिला आहे, सणाच्या सूपाला पुरेल. तुमच्यासाठी गादी उन्हात घातली आहे. जेवढं घडलं तेवढंच लिहिलं, जास्त लिहिलं असेल तर ते बोटं गारठल्यामुळे.

तुमच्या हाताखाली अक्षर गिरवलेली,
हे-रिम

ता. क. १. दुरुस्तीखेरीज या पत्रात काही मागणं नाही असं मी सुरुवातीला मनाशी ठरवलं होतं. तेही दुरुस्त करते. मागणं असं: बाबांना नेऊ नका. त्याऐवजी तुम्ही आल्या आल्या, मोठ्या बहिणीच्या आवाजात, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं त्यांना बजावा की एक दिवसाआड हमामात गेलं पाहिजे, घरात पाणी कितीही गरम असो, ही माझी आज्ञा आहे. तुमची आज्ञा झाली की त्यांचा नियम मोडला असं होत नाही. मी एकोणपन्नास दिवस कोमट पाण्याने अंघोळ करते आहे आणि शिंकत आहे. मला स्वतःला हमामात जायची फार लाज वाटते. तुमची आज्ञा होईपर्यंत मी दांडीला हात लावणार नाही, कारण ती खाली पाडली की दुसऱ्या दिवशी एक म्हातारा माणूस उणे अकरामध्ये बाल्कनीत उभा राहून दोऱ्याला गाठ मारतो.

ता. क. २. पत्राच्या कडेच्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल. तुम्ही लिहिलं होतंत, "इकडचंही पाणी डिसेंबरपासून जरा मवाळ झालंय, बॉयलरवाले चोर आहेत, तक्रार केली आहे." आत्या, दुसरा फवारा तुम्ही कुठे बसवलात? दांडी मधे आहे का? वर काही गुंडाळलं असेल तर काढून पाहा. तक्रार मागे घ्यावी लागली तर पत्राचा मसुदा मी करून देईन.

ता. क. ३. तुम्ही पत्र शेवटूनच वाचायला घेतलं असेल तर आधी हे वाचलं जाईल, म्हणून स्पष्ट लिहिते, आणि हे मी आजवर तुम्हाला न विचारता ठरवलेलं पहिलंच काम आहे. तुमची गाडी मंगळवारी २८ तारखेला येते. मंगळवारी हमाम बंद असतो, त्यामुळे सणाआधीची अंघोळ बाबा आदल्या दिवशी करतील. ते दोन वाजता हातमोजा घेऊन निघाले की मी दाराशी असलेली त्यांची पिशवी उघडणार आहे, दोन्ही बनियन कपाटात, औषधांची डबी फडताळात, आईचा फोटो तिच्या जागी, आणि रिकामी पिशवी घडी करून पलंगाखाली. तुमचं उत्तर तोपर्यंत आलं तर आनंद आहे, नाही आलं तरी दिवस बदलणार नाही. सोमवार, २७ जानेवारी.